केझाया लॅथ्रॉपला दिलेली कविता

ओझायस पेक माझ्या माळ्यावर राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ अंगातले कपडे, एक दौत आणि छापील कागदांचं एक भलंमोठं गाठोडं होतं. गाठोडं जड होतं, म्हणून मला वाटलं, माणूस खाऊनपिऊन सुखी असावा. वर चढवल्यावर कळलं की ती त्याचीच न खपलेली कविता. इंग्लंडच्या राजाला आपण कसं हुसकावून लावलं, यावर त्यानं महाकाव्य लिहिलं होतं. त्यात गरुड फार होते. आमच्या पेनाक्विट बंदरात ते कुणी घेतलं नाही, बोस्टनमध्येही घेतलं नाही. थंडी पडल्यावर तो स्वतःच मला म्हणाला, मावशी, पावांच्या खाली घालायला कागद लागतो ना, तो यातलाच घेत जा. मी घेत गेले. कितीतरी लोकांनी ते गरुड पावाला चिकटलेले खरवडून काढले असतील.

माझा नवरा लढाईत गेला, तेव्हापासून भट्टी मीच चालवत होते. ओझायस डोंगराकडच्या एका दगडाळ गावचा. बापाला त्याला पाद्री करायचं होतं, पण बापच वारला आणि कॉलेज अर्धवट राहिलं. मग तो थडग्यांवरच्या ओळी लिही, वर्तमानपत्रवाल्यांना नव्या वर्षाची पदं करून देई, कुणी फाशी गेला की त्याचं गाणं करी. फाशी झाली की आमच्या माळ्यावर चार दिवस पोटभर जेवण असे. एरवी मी राहिलेला घेवडा आणि काकवी वर पाठवायची. तो माझी लाकडं फोडून द्यायचा, आणि फार वाईट फोडायचा.

कप्तान लॅथ्रॉपनं त्याला आपल्या धाकट्या मुलांना लॅटिन शिकवायला ठेवलं आणि तिथं त्याला केझाया भेटली. कप्तानाची बायको नव्हती; घर थोरली केझायाच बघायची. चेहऱ्यावर देवीचे पुसट वण, हात लांबसडक, आवाज खालचा. दिसायला कुणी मुद्दाम वळून बघावं अशी ती नव्हती. पण ती ऐकायची. मुलांचा धडा चालू असताना ती शिवण घेऊन कोपऱ्यात बसायची आणि मास्तर काही बोलला की सुई थांबवायची. ज्या माणसाचं आजवर कुणी ऐकलेलं नाही, त्याला तेवढं पुरतं.

त्यानं तिला विचारलं. तिनं तिथल्या तिथं सांगितलं. त्याच दिवशी तो खाली येऊन भट्टीशेजारी बसला आणि तिचे शब्द त्यानं मला जसेच्या तसे सांगितले.

‘मास्तर, मी तुमच्याशी लग्न करणार नाही. आज नाही आणि पुढंही नाही. हे आत्ताच स्वच्छ सांगते, म्हणजे उगाच माझ्या बोलण्यातून तुम्ही भलतं काही काढत बसणार नाही.’

मी म्हटलं, बरं झालं, गाठ सुटली. तो म्हणाला, ‘मावशी, सुटली कुठं? तिनं आपलं टोक सोडलं. माझं टोक माझ्याच हातात आहे.’

त्या हिवाळ्यात त्यानं एकच कविता लिहिली. पानंच्या पानं फाडायचा आणि चुलीत घालायचा. पूर्वी तो लिहिलेलं मला मोठमोठ्यानं वाचून दाखवायचा, हात हवेत फिरवायचा. ही मात्र दाखवली नाही. वसंत लागल्यावर त्यानं ती एका चांगल्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवली, कच्चे कागद जाळले आणि केझायाला नेऊन दिली. मी म्हटलं, एक प्रत तरी ठेवायचीस. तर म्हणे, प्रत ठेवली तर ती दिली असं कसं होईल?

केझायानं कविता घेतली. वाचते म्हणाली. पुढं काही बोलली नाही. मुलांचे धडे कप्तानानं उन्हाळ्यात बंद केले, आणि ते घरही त्याला तुटलं.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. त्या वर्षी कुणी फाशीसुद्धा गेलं नाही. ओझायसला खोकला लागला, गालांची हाडं वर आली. अशात आमचा छापखानेवाला सिल्व्हानस ड्रेक बोस्टनहून निरोप घेऊन आला. तिथं नवं मासिक निघत होतं, संपादकाला हाताखाली माणूस हवा होता, पण आधी एखादी कविता दाखव म्हणत होता. ओझायसनं गरुडांतली चार पानं पाठवली, ती परत आली. सिल्व्हानस म्हणाला, ‘अहो पेक, त्यांना पक्ष्यांचं नकोय. माणसाचं काही असेल तर द्या.’

माणसाचं म्हणावं असं त्याच्याकडे एकच होतं, आणि ते केझायाकडे होतं.

त्यानं ते आठवायचा प्रयत्न केला. दिवसचे दिवस माळ्यावर बसून तो लिहीत होता आणि खोडत होता. ओळी यायच्या, पण शेजारच्या ओळी यायच्या नाहीत. आणि मधे काही भरून घातलं की तिथं हटकून गरुडाचा पंख दिसायचा. मला म्हणाला, मी तेव्हा जो होतो तो आता नाही, त्यामुळं जमत नाही. शेवटी त्यानं अंगरखा झटकला आणि लॅथ्रॉपांच्या घरी गेला.

तिथं काय झालं ते पुढं मला केझायानंच सांगितलं. त्यानं कागद मागितला. परत देतो म्हणाला, एक नक्कल करून घेतो. ती म्हणाली, तुम्ही तो छापणार. तो म्हणाला, हो, नाव घालणार नाही. ती म्हणाली, नाव न घालताही सगळ्या बंदराला कळेल.

‘म्हणजे तुम्हाला लाज वाटते,’ तो म्हणाला.

‘लाज नाही. मला कुणी कधी काही लिहिलं नव्हतं, मास्तर. तुमच्यावर माझं प्रेम नाही, ते मी लपवलेलं नाही. पण तो कागद माझा आहे. दिलेली वस्तू तुम्ही मागायला आलात, तेही पोटासाठी, म्हणून मला वाईट वाटतं. पाव हवा तर घेऊन जा. कागद देणार नाही.’

तिनं खरंच पाव दिला. तो त्यानं घेतला नाही.

पुढच्या रविवारी सगळं गाव प्रार्थनाघरात असताना तो लॅथ्रॉपांच्या घरात मागच्या दारानं शिरला. आमच्याकडे रविवारी दाराला कुलूप घालायची कुणाची रीत नव्हती. केझायाच्या शिवणाच्या पेटीत त्याला कागद मिळाला. पण प्रार्थनेला कोण आलं नाही हे बघत फिरणारा म्हातारा शिपाई नेमका त्या गल्लीत होता. त्यानं हटकलं. ओझायस पळाला, कागद सदऱ्यात कोंबून खाडीच्या ओहोळात उतरला. भरती चढत होती. छातीपर्यंत पाण्यात असताना दोघा कोळ्यांनी त्याला बाहेर ओढलं. सदऱ्यातला कागद ओला झाला होता, शाई जागोजागी पसरली होती.

खटला उभा राहिला. जी वस्तू चोरली तिच्या किमतीवर शिक्षा ठरायची, म्हणून न्यायाधीशांनी विचारलं की वस्तू काय. कविता, असं कळल्यावर खोलीत हसू पिकलं. न्यायाधीश म्हणाले, वाचा. कोर्टाचा कारकून उठला. माणूस पडशानं गच्च झालेला. जप्तीतलं सामान वाचावं तसं त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळींना मागच्या बाकांवरची माणसं खिदळली. मग हळूहळू गप्प झाली. मीही तिथं होते. त्या कवितेत एक बाई टेबलावरची चादर अंगणात झटकते आणि चिमण्या येतात, एवढंच होतं. ती शिंपल्याच्या डबीतून मीठ काढते. आणि एका ठिकाणी होतं:

‘तू दार उघडलंस ते वारा बघायला,
मी वाऱ्याच्या जागी उभा होतो.’

पण कारकुनानं ते तसं वाचलं नाही. शाई पसरली होती, त्याचे डोळे पडशानं पाणावलेले. तो वाचून गेला: ‘तू दार उघडलंस ते वाट बघायला.’ ओझायसनं मान वर केली. बहुतेक बोलणार होता, पण शिपायानं खांदा दाबला आणि कारकून पुढं गेला.

न्यायाधीशांनी केझायाला शपथ घालून विचारलं, या इसमाला तू कधी काही आशा दाखवलीस का? ती म्हणाली, कधीच नाही. मग विचारलं, या वस्तूची किंमत काय समजतेस? ती म्हणाली:

‘किंमत मला सांगता येणार नाही, साहेब. मी ती विकणार नाही, एवढं सांगते.’

कागदाची किंमत कवडीमोल धरली गेली, म्हणून चोरीतून तो सुटला. रविवारचा नेम मोडल्याबद्दल आणि परक्या घरात शिरल्याबद्दल त्याला बाजारात सकाळभर लाकडी खोड्यात पाय अडकवून बसवलं. कागद केझायाला परत मिळाला. वारं बोचरं होतं. मी माझी शाल नेऊन त्याच्या पाठीवर टाकली. पोरांनी माशांची डोकी मारली, ती मी वेचून बाजूला केली. तो कुणाकडे बघत नव्हता. मला एकदाच म्हणाला, ‘मावशी, त्यानं चुकीचं वाचलं.’ मला वाटलं, थंडीनं बरळतोय.

कोर्टात सिल्व्हानसचा एक माणूस बसला होता, झरझर लिहिणारा. त्यानं ऐकलं ते सगळं उतरवून घेतलं. आठवडा उलटायच्या आत सिल्व्हानसनं ते एका पानावर छापून विकायला काढलं, ‘चोराचं प्रेमगीत’ म्हणून. कवीचं नाव नाही, आणि वरती फाशीच्या गाण्यांना लावायचा तोच जुना फासाचा ठसा. त्यात अर्थात ‘वाट’ होतं. आणि तेच लोकांना आवडलं. दारूच्या गुत्त्यात कुणीतरी त्याला एक चाल लावली. कोळणी जाळी विणताना म्हणू लागल्या. दार उघडून कुणी वाट बघतंय, हे गाणं लवकर तोंडी बसतं.

ओझायस तापात होता. मी पान विकत घेऊन वर नेलं. मला वाटलं, आपलं छापलेलं बघून त्याला बरं वाटेल. त्यानं वाचलं आणि कागद पालथा घातला.

‘मावशी, खोटं कशाला बोलू? वाचलं तेव्हा घटकाभर मला वाटलं, असंच होतं. ती वाट बघत होती. मला तर तेच लिहायचं होतं सगळा हिवाळा. पण ते खरं नव्हतं, म्हणून मी वारा लिहिलं.’

तोवर गावात कुजबुज सुरू झाली होती. केझायानं शपथेवर सांगितलं की आशा दाखवली नाही. आणि गाण्यात तर ती दारात उभी. मग खोटं कोण? लॅथ्रॉप कप्तानाशी ज्यांचं वाकडं होतं, त्यांनी हे पाद्री व्हिटकॉम यांच्या कानावर घातलं. पाद्री वाईट माणूस नव्हते, पण शपथ मोडणं त्यांना फार मोठं पाप वाटे. त्यांनी केझायाला निरोप धाडला की एक तर तू मंडळींसमोर उभी राहून खोट्या शपथेची कबुली दे, नाही तर तुला प्रभुभोजनाला, त्या पवित्र भाकरीच्या पंगतीला, बसता येणार नाही.

ओझायस अंगात ताप असतानाच उठला. आधी सिल्व्हानसकडे गेला आणि एवढा एक शब्द बदल म्हणून हातापाया पडला. सिल्व्हानस म्हणाला, पेक, त्या एका शब्दावर तर ते खपतंय. मग तो दौत घेऊन गावभर फिरला. गुत्त्याच्या भिंतीवर, धक्क्यावरच्या खांबावर, जिथं जिथं पान चिकटवलं होतं तिथं ‘वाट’ खोडून ‘वारा’ लिहीत सुटला. लोक मजा बघायचे. इलाय स्टब्ज नावाचा पिंपं बनवणारा त्याला म्हणाला, ‘अहो मास्तर, तिनं तुमची वाट बघितली तर तुमचंच भलं की! जगात असा पहिलाच माणूस बघतोय, जो बाई आपल्यावर मरत नाही म्हणून भांडतोय.’ बाकीचे म्हणाले, तिला वाचवायला करतोय. खोडलेलं बघून तर त्यांची जास्तच खात्री पटली.

मला एकच उपाय सुचला. मी लॅथ्रॉपांकडे गेले आणि केझायाला म्हटलं, बाई, मूळ कागद आण आणि पाद्रीबाबांना दाखव. शाई पसरली असली तरी निरखून बघितलं तर दिसेल.

तिनं चुलीकडे बोट केलं. कोर्टातून आल्या आल्या कप्तानानं तो तिच्या हातून घेऊन जाळला होता.

‘मला वाचवता आला असता,’ ती म्हणाली. ‘हात पोचत होता. बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, जळू दे, म्हणजे संपेल एकदाचं.’

मी हे ओझायसला सांगितलं नाही. कागद जळला, एवढंच सांगितलं.  जगात ती कविता आता फक्त सिल्व्हानसच्या पानावर होती, चुकीची.

कबुलीच्या रविवारी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. केझाया आपल्या जागी ताठ बसली होती. पाद्रींनी तिचं नाव घेतलं. ती उठली आणि म्हणाली, मी खोटी शपथ घेतलेली नाही, त्यामुळं कबुली देणार नाही. पाद्री पुढचे शब्द बोलणार, तेवढ्यात मागून ओझायस उठला. बाकाला धरून उभा होता. शिपाई काठी घेऊन निघाला, पण पाद्रींनी त्याला हातानं थांबवलं.

ओझायसनं कविता म्हणायला सुरुवात केली. जी त्याला एवढे दिवस आठवत नव्हती, ती कोर्टात कारकुनाच्या तोंडून ऐकल्यापासून अक्षरन् अक्षर त्याच्या डोक्यात बसली होती. हातवारे नाहीत, चढउतार नाही, मधे मधे खोकला. त्या ओळीपाशी तो थांबला आणि म्हणाला, इथं वारा आहे. मग त्यानं सगळं सांगितलं. मी हिला विचारलं, हिनं नाही म्हटलं. पुन्हा विचारायची सोय ठेवली नाही. मी दारात उभा राहिलो की ही माझ्या पलीकडे बघायची, हवा कशी आहे, धुणं वाळेल का, हे बघायला. माझ्यासाठी ही एकदाही दारात आली नाही. गावासमोर असं सांगायला माणसाला काय लागत असेल, ते मला त्याच्या हातांकडे बघून कळलं. बाकाची कड त्यानं अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

पाद्री म्हणाले, ‘जिनं काहीच दिलं नाही, तिच्यावर माणूस असं लिहील?’

‘तिनं काही दिलं असतं तर मी घरी बसलो असतो, पाद्रीबाबा. लिहिलं नसतं.’

कुणी हसलं नाही. पाद्रींनी पुस्तक मिटलं आणि केझायाला बसायला सांगितलं. म्हणाले, तिच्या शपथेला मंडळींची हरकत नाही. केझाया बसली. सबंध वेळात तिनं मागे वळून एकदाही बघितलं नव्हतं, आणि प्रार्थना संपल्यावर ती वडिलांच्या हाताला धरून पुढच्या दारानं गेली.

ओझायसला मी आणि इलाय स्टब्जनं मिळून घरी आणलं.  नंतर इलाय एक मापभर सफरचंदाची दारू आणून मुकाट्यानं पायरीवर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी केझाया दुकानात आली. पाव घेतला. मग म्हणाली, मास्तरांशी दोन शब्द बोलायचेत. मी माळ्याखाली उभी राहून हाक मारली. वरून आवाज आला नाही. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून उभी राहिली आणि वर न बघता म्हणाली की कागद वाचवता आला असता, आपण वाचवला नाही, हे त्यांना ठाऊक असावं. लाकडाच्या फटीतून सगळं वर ऐकू जातं. थोड्या वेळानं तो म्हणाला, ‘कळलं.’ तिनं आणखी थोडी वाट बघितली. मग पाव उचलून गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो वर खिडकीशी उभा होता. मला त्याच्या पायांखालची फळी वाजलेली ऐकू आली.

बोस्टनच्या मासिकाला त्यानं काही पाठवलं नाही. सिल्व्हानसनं त्याला बरोबर शब्द घालून नव्यानं छापायचं कबूल केलं होतं, पण तोपर्यंत एका गलबताला आग लागली आणि लोकांना त्याचं गाणं हवं झालं. ते लिहायलाही त्यानं ओझायसलाच विचारलं. ओझायसनं दौत माझ्या फळीवर ठेवली आणि म्हणाला, मावशी, हिशेबाला वापरा.

बर्फ वितळल्यावर ओहायोच्या नव्या जमिनींकडे गाड्या निघाल्या, त्यांतल्या एकीबरोबर तो गेला. मी खूप सांगितलं की तुझी छाती अशी, तिकडे डॉक्टर नाही, छप्पर नाही. तो म्हणाला, तिकडे ते गाणं तरी नसेल. मी त्याला राय आणि मक्याचे दोन मोठे पाव बांधून दिले.

त्याच्या पुढल्या वर्षी त्या गाडीतला एक माणूस बायको न्यायला परत आला. त्याच्याकडून कळलं की ओझायस तिथं मुलांना अक्षरं शिकवत होता आणि पहिल्याच हिवाळ्यात गेला. तो कविता करतो हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. गाणं मात्र त्याच्या आधीच पोचलं होतं. गाडीवानांनी नेलं होतं. चुकीच्या शब्दासकट. ते कुणी म्हणायला लागलं की मास्तर उठून बाहेर जायचा, एवढं त्या माणसाच्या लक्षात होतं. त्याला वाटलं, मास्तर धार्मिक असावा.

मी ही बातमी घेऊन लॅथ्रॉपांकडे गेले. केझाया चरबीच्या मेणबत्त्या ओतत होती. मी सांगितलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. ओतता ओतता थांबली आणि वितळलेली चरबी साच्याच्या काठावरून टेबलावर वाहायला लागली तरी तशीच उभी राहिली. मी भांडं तिच्या हातून घेतलं. तिनं विचारलं, त्रास फार झाला का? मी म्हटलं, त्या माणसाला नीट माहीत नव्हतं.

आतून कप्तानानं विचारलं, कोण आलंय. ‘बेथायामावशी आल्यात,’ ती म्हणाली. ‘मास्तर गेले म्हणून सांगायला.’

 कप्तानाची खुर्ची करकरली, पण तो बाहेर आला नाही. केझायानं टेबलावरची चरबी सुरीनं खरवडायला घेतली. मी तिला थोडी मदत केली आणि भट्टी बघायची होती म्हणून निघाले.